गोष्ट सांगायला याल, तर हंगामभर थांबा

दर २४ डिसेंबरला साने गुरुजींची आठवण निघते. शाळेच्या व्हरांड्यात तसबिरीला हार घातला जातो, एखादी मुलगी श्यामच्या आईविषयी बोलता बोलता गहिवरते, कथाकथन स्पर्धेची बक्षिसे वाटली जातात. हे सगळे व्हायलाच हवे. पण बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ही जयंती येते ती ऐन गाळपाच्या हंगामात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर अशा सगळ्या कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि नीरा डाव्या कालव्याच्या दोन्ही अंगांना उसाच्या फडांत तोड चाललेली असते. या दिवसांत आपल्या शिवारात दोन प्रकारची माणसे बाहेरून आलेली असतात. एक, नाताळच्या सुटीत लेकरांना आजी-आजोबा दाखवायला परदेशातून घरी आलेली आपलीच माणसे. दुसरी, दिवाळीच्या आगेमागे बीड, जालना, परभणी, पाथर्डी-शेवगावकडून टोळ्यांनी आलेली ऊसतोड कुटुंबे. दोघांच्याही बरोबर लहान मुले असतात आणि ती गोष्ट ऐकण्याच्याच वयाची असतात.

या वर्षी गुरुजींच्या जयंतीच्या निमित्ताने आम्हाला लिहायचे आहे ते गोष्ट सांगायला दूर जाणाऱ्या माणसांविषयी. पदवी झाली, नोकरी लागायला अवकाश आहे, तोवर नेपाळात किंवा आफ्रिकेतल्या एखाद्या देशात जाऊन मुलांना पुस्तके वाचून दाखवावीत, गोष्टी सांगाव्यात, अशी इच्छा बोलून दाखवणारी मुलेमुली आता बारामतीतही भेटतात. परदेशात स्थायिक झालेली आणि आपल्या गावच्या मुलांसाठी काही करू पाहणारी मंडळीही भेटतात. या इच्छेकडे आम्ही आदराने पाहतो. अनोळखी मुलापुढे बसून त्याला गोष्ट सांगावीशी वाटणे ही माणसाच्या मनातली फार चांगली ऊर्मी आहे. पण अशा प्रत्येकाला आम्ही दोनच गोष्टी विचारतो. त्या मुलांची भाषा तुम्हाला येते का? आणि तुम्ही किती दिवस राहणार?

हे प्रश्न आम्हाला सुचले ते नीरेपलीकडच्या एका उदाहरणावरून. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण तालुका लागतो. मॅक्सीन बर्नसन ही अमेरिकन भाषाभ्यासक १९६० च्या दशकात तिथे आली. फलटणमध्ये निरनिराळ्या समाजांतली माणसे मराठी कशी बोलतात, हा तिच्या पीएच.डी.चा विषय होता. अभ्यास संपल्यावर ती परत गेली असती तर कोणी काही म्हटले नसते. ती राहिली. पुढे तिने भारताचे नागरिकत्व घेतले. मंगळवार पेठेतल्या दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत, हे तिने पाहिले आणि त्यांच्यासाठी वस्तीतच ‘आपली शाळा’ नावाचा वर्ग सुरू केला. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. ज्यांचे नाव शाळेला दिले त्या कमलाबाई निंबकरही जन्माने अमेरिकनच. लग्न करून या देशात आल्या आणि इथल्याच झाल्या. मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू करणाऱ्या म्हणून त्यांना देश ओळखतो.

मॅक्सीनमावशींच्या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी बाब अशी, की मुलांना काही सांगण्याआधी त्यांनी मुलांचे बोलणे ऐकले आणि तेही अभ्यासकाच्या कानाने. वस्तीतले मूल घरात जे बोलते ते अशुद्ध नाही, ती त्याची भाषा आहे आणि वाचनाची वाट तिथूनच निघते, ही त्यांची धारणा होती. वर्गाची भाषा घराच्या भाषेला पहिल्या दिवसापासून हिणवू लागली की मूल गप्प होते आणि गप्प झालेल्या मुलाला वाचायला शिकवणे फार अवघड जाते. परदेशातून आलेल्या बाईंना हे कळले, कारण त्या पाहुण्या म्हणून राहिल्या नाहीत. वर्षानुवर्षे त्याच गल्लीबोळांत वावरल्या.

असे आणखी दोघे पुणे जिल्ह्याच्या आसपास होऊन गेले. जर्मनीतले गुंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत राहिले. फ्रान्सहून आलेले गी पॉइटेव्हां पुण्यात स्थायिक झाले आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्या त्या कामातून नोंदल्या गेल्या. यांच्यापैकी कोणीही पुस्तकांची खोकी घेऊन आला नव्हता. इथे आधीच सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ऐकायला ते आले. आज आपल्याच नातवंडांना जात्यावरची ओवी ऐकवायची असेल, तर त्या संग्रहाकडे जावे लागते.

बारामतीला तर बाहेरून आलेल्या कथेकऱ्याचे महत्त्व सांगण्याची गरजच नाही. मोरोपंतांचा जन्म १७२९ चा, पन्हाळ्यावरचा. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने ते कऱ्हेकाठी आले, पुराण सांगत राहिले, आर्या रचत राहिले आणि १७९४ मध्ये इथेच त्यांचा देह पडला. महाभारत आर्येत आणणारा, रामायण शंभरावर तऱ्हांनी रचून पाहणारा हा कवी बारामतीत जन्मला नव्हता. तो येऊन राहिला, म्हणून आज तो बारामतीचा आहे.

आता त्या दुसऱ्या पाहुण्यांकडे वळू. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. मोकळ्या रानात, कारखान्याच्या तळावर नाहीतर कालव्याच्या कडेला पाचट, बांबू आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारातच आईबाप फडात जातात. थंडीत उघड्यावर निजलेली लेकरे उठतात तेव्हा घरात कोणी मोठे नसते. आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन कोपी राखते, पाणी भरते, जळण आणते, बैल असतील तर त्यांच्यासाठी वाढे सांभाळते. गावाकडच्या शाळेच्या पटावर तिचे नाव असते. इथल्या शाळेत हजेरी लागतेच असे नाही, कारण ती शाळेत गेली तर धाकट्याला कोण बघणार? मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये कारखाना बंद होतो, बिऱ्हाड परत निघते आणि तोवर तिची इयत्ता पुढे सरकलेली असते. पुस्तकातले धडे मात्र दिवाळीपाशीच थांबलेले असतात. टोळ्यांत बंजारा कुटुंबे असतात. त्यांची मुले घरात गोरमाटी बोलतात आणि शाळेतली मराठी त्यांना बाहेरची वाटते. बीडच्या मुलाची मराठी आणि आपल्या नीराकाठची मराठी यांतही फरक आहेच. वर्गात तो बोलला की इतर मुले हसतात, हे आपल्यातल्या अनेक शिक्षकांनी पाहिलेले आहे.

बारामती-इंदापूर हे या मुलांचे परगाव आहे. त्यांच्या पिकाशी, बाजाराशी, सणाशी इथल्या कशाचा संबंध नसतो. इथली माणसे त्यांना नावाने ओळखत नाहीत. अमक्या मुकादमाची टोळी एवढीच ओळख. परमुलुखातल्या मुलांपर्यंत पुस्तके आणि गोष्टी पोचवायच्या असतील, तर तो परमुलूख आपल्याच शिवारात, चालत जाण्याच्या अंतरावर, दरवर्षी किमान चार महिने वस्तीला असतो. आम्हाला या अग्रलेखात जे सांगायचे आहे ते हेच.

या मुलांसाठी काहीच झालेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. औरंगाबादच्या जनार्थ संस्थेने या शतकाच्या पहिल्या दशकात साखर कारखान्यांच्या तळांवर साखर शाळा चालवल्या. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि या मुलांना जवळच्या नियमित शाळेत दाखल करण्याकडे भर गेला. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले, त्यांच्या मूळ गावी हंगामी वसतिगृहे निघाली. तत्त्व म्हणून हे योग्यच होते. ऊसतोड्याच्या मुलाची शाळा वेगळी का असावी? पण फडावरून शाळेपर्यंतचे अंतर कायद्याने कमी होत नाही. ते ओळखून आपल्या बारामती तालुक्यातच सोमेश्वरनगर परिसरात कोपीवरची शाळा भरू लागली. संध्याकाळी कार्यकर्ते थेट कोप्यांवर जातात आणि मुलांना तिथेच शिकवतात. शाळेने मुलाकडे जावे, ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या कोसबाड भागात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, मुले जिथे होती तिथे अंगणात बालवाडी नेली. सोमेश्वरच्या कार्यकर्त्यांनी तीच वाट धरली. आमच्या मते या दोन तालुक्यांतले गेल्या काही वर्षांतले हे सर्वांत मोलाचे शैक्षणिक काम आहे आणि ते प्रत्येक कारखान्याच्या क्षेत्रात व्हायला हवे.

या कामात आम्हाला गोष्टीची आणि पुस्तकाची भर घालायची आहे. अक्षरओळख, पाढे यांची जबाबदारी शाळा घेईल, घेतलीच पाहिजे. पण दिवसभर एकट्या राहिलेल्या मुलापुढे कोणीतरी मोठे माणूस निवांत बसते, चित्रांचे पुस्तक उघडते आणि फक्त त्याच्यासाठी वाचते, हा अनुभव हजेरीपटातून मिळत नाही. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या क्वेस्ट या संस्थेने ‘गोष्टरंग’ उपक्रमातून आदिवासी भागातल्या शाळांमध्ये गोष्टी रंगमंचीय रूपात नेल्या. नट पुस्तकातली गोष्ट मुलांपुढे उभी करतात आणि मुले मग त्या पुस्तकाकडे ओढीने जातात. गोष्ट आधी आणि वाचन मागून, हा क्रम लहान मुलांच्या बाबतीत नेहमीच खरा ठरत आला आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक असतो: ज्यांच्या पायात चप्पल नाही, रात्री अंगावर धड पांघरूण नाही, त्यांना गोष्टींची पुस्तके कशाला? येला लेपमान यांना हाच प्रश्न विचारला गेला होता. हिटलरच्या राजवटीत जर्मनी सोडून लंडनला गेलेली ही ज्यू पत्रकार १९४५ मध्ये उद्ध्वस्त जर्मनीत परत आली, मुलांसाठी काम करायला. शहरे ढिगाऱ्यात होती, धान्य मोजून मिळत होते. तिने वीस देशांना पत्रे लिहिली आणि मुलांची पुस्तके मागितली. काल-परवापर्यंत ज्यांच्याशी युद्ध चालले होते, त्या देशांनीही पुस्तके पाठवली. १९४६ मध्ये म्युनिकला त्यांचे प्रदर्शन भरले, १९४९ मध्ये तिथे आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभे राहिले. भाकरी आणि पुस्तक यांत निवड करायची नसते, दोन्ही द्यायची असतात, हे तिने करून दाखवले. आपल्याकडे पांघरुणे वाटणारी मंडळे आहेत, ती वाटोत. त्याच फेरीत एखादा गोष्ट सांगणारा बरोबर असावा, एवढेच आमचे म्हणणे.

पुस्तके कशी पोचवायची, हे आपल्याच माणसांनी शोधून ठेवले आहे. २००९ मध्ये नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केले. पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडे जायची, काही महिन्यांनी ती पुढच्या गटाकडे आणि तिथली यांच्याकडे. ही पेटी दुबईला गेली, नेदरलँड्सला गेली, टोकियोला गेली. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छायेत रविवारच्या मराठी शाळा चालतात. तिथे शिकवणारे आईबाप आठवडाभर नोकरी करून सुटीचा दिवस या कामाला देतात. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला आपली गोष्ट मिळावी म्हणून केवढे कष्ट घेतले जातात! ते सार्थ आहेत. आता हीच पेटी कोपीवर गेली पाहिजे. केनियाच्या गरिसा भागात भटक्या पशुपालकांच्या वस्त्यांवर तिथली राष्ट्रीय ग्रंथालय सेवा १९९६ पासून उंटांच्या पाठीवर पुस्तके नेत आली आहे. माणसे फिरती आहेत ना, मग ग्रंथालयही फिरते केले. आपल्याकडे तर तळापर्यंत रस्ता आहे, ट्रॅक्टर जातो, दुचाकी जाते.

पेटीत काय असावे, याबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. घरातली जुनी, फाटकी, रद्दीला निघालेली पुस्तके मुलांना दान करण्याची आपल्याला सवय आहे. ती सोडा. ठळक अक्षरांची, मोठ्या चित्रांची, थोड्या पानांची नवी पुस्तके घ्या. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची अशी मराठी पुस्तके मिळतात आणि बऱ्याच पुस्तकांची किंमत हॉटेलातल्या एका थाळीपेक्षा कमी असते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे अंक ठेवा. पुस्तके मळतील, पानांवर हळदीचे डाग पडतील, एखादे चुलीत जाईल. जाऊ द्या. कपाटात कोरी राहिलेली पुस्तके कोणाच्या उपयोगाची? पेटीची किल्ली कारखान्याच्या कचेरीत ठेवू नका; धाकट्याला कडेवर घेऊन बसणारी जी थोरली मुलगी आहे, तिच्याकडे ती सोपवा. तिला अडखळत का होईना वाचता येत असेल, तर त्या तळावरची ती सर्वांत चांगली कथेकरी होईल, कारण तिची भाषा त्या मुलांची आहे आणि ती दिवसभर तिथेच आहे. टोळी परत निघाली की पेटीतली चार पुस्तके तिच्याबरोबर गावी जाऊ द्यावीत.

मग मुलांना बोलते करा. रात्री बैलगाडीत उसाच्या मोळ्यांवर झोपून केलेला प्रवास, गव्हाणीवर गाड्या खाली होण्याची वाट पाहत काढलेले तास, उसात शिरलेले रानडुक्कर, गावाकडे राहिलेली आजी, हे त्यांचे अनुभव छापील पुस्तकांत फारसे सापडणार नाहीत. ते मुलांच्याच तोंडून ऐकून कागदावर उतरवा, मुलांकडून चित्रे काढून घ्या, दोऱ्याने शिवा आणि तेही पुस्तक पेटीत ठेवा. पुढच्या टोळीतली मुले ते आधी उचलतील. आपल्या शाळेतल्या मुलांनीही ते वाचावे, कारण ज्यांनी तोडलेल्या उसावर हा सारा टापू उभा आहे, त्यांची मुले आपल्या मुलांना अजून ओळखीची नाहीत.

हे कोण करणार? आमच्या नजरेपुढे पहिली येतात ती महाविद्यालये. १९६२ चे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, विद्या प्रतिष्ठान, इंदापूर आणि भिगवणच्या शिक्षणसंस्था, सगळीकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास नियमित काम करायचे असते, शिवाय हिवाळ्यात सात दिवसांचे निवासी शिबिर होते. त्या शिबिरात आपण बंधारे बांधतो, झाडे लावतो, गाव झाडतो, चांगलेच आहे. पण १२० तास म्हणजे हंगामाच्या चार महिन्यांत आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी दोन-दोन तास. एवढ्या वेळात एक विद्यार्थी एका तळावरच्या मुलांचा होऊन जाईल. कारखान्यांच्या शेती विभागाने एवढेच करावे, की कोणत्या शिवारात कोणती टोळी उतरली आहे, मुले किती आहेत, याची यादी महाविद्यालयांना द्यावी. ती माहिती त्यांच्या चिटबॉयकडे, म्हणजे तोडीची नोंद ठेवणाऱ्या कामगाराकडे, असतेच. तळावर एक चांगला दिवा लावून द्यावा. वाचायला उजेड लागतो आणि बहुतेक कोप्यांत तो नसतो.

सुटीवर आलेल्या आमच्या परदेशस्थ बंधुभगिनींनाही एक विनंती. आपल्या मुलांना घेऊन एक संध्याकाळ कोपीवर जरूर जा. पण तेवढ्या एका संध्याकाळचे फोटो काढून निघू नका. एकाच संध्याकाळी मुलांना लळा लागतो आणि दुसऱ्या दिवशी कोणी आले नाही की त्यांना जे वाटते ते आधीच पुष्कळदा वाटून गेलेले असते. तुम्हाला राहता येत नसेल, तर जो राहणार आहे त्याच्या पाठीशी उभे राहा. एका तळाच्या पेटीचा, एका कार्यकर्तीच्या हंगामभराच्या मानधनाचा भार उचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा उचला.

आणि ज्यांना खरोखरच नेपाळला, केनियाला जायचे आहे, त्यांनी जावे. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले ते याचसाठी, की माणसाने दुसऱ्याच्या प्रांतात जावे, त्याची भाषा शिकावी, त्याचे साहित्य आपल्याकडे आणावे आणि आपले तिकडे न्यावे. जगभरातल्या कथा-कादंबऱ्या सोप्या करून त्यांनी मराठी मुलांपुढे ठेवल्या. आधी तिथली भाषा शिका, तिथल्या शिक्षिकेच्या हाताखाली काम करा, तिथल्या आजीकडून चार गोष्टी ऐका, मग आपली एक सांगा. ही तयारी करायला बारामती-इंदापूरच्या फडाइतकी चांगली जागा नाही. बीडच्या मुलांपुढे, गोरमाटी बोलणाऱ्या मुलीपुढे ज्याला एक हंगाम बसता आले, तो जगात कुठेही मुलांमध्ये बसू शकेल.

गाळप अजून तीन महिने तरी चालेल. आपल्या गावच्या शिवारात कोणती टोळी उतरली आहे, ते उद्या चिटबॉयला विचारा. दोन चांगली पुस्तके आणि एक बॅटरी घेऊन संध्याकाळी कोपीवर जा, मुलांची नावे विचारा, आणि परवा पुन्हा जा.